वहीत अकरा, खोलीत बारा

त्या रविवारी वही सोडायची, हे मी नक्की केलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर अकरा जणांनी अकरा सल्ले दिले असते, आणि मला त्यातला एकही नको होता.

वही म्हणजे आमच्या वर्गाची वही. आमची ख्रिस्ती मंडळी, वेस्लियन वळणाची. टायरच्या दुकानावरची एक लांब खोली हेच आमचं देऊळ. पाळक नाही, चौघं जण आळीपाळीने उपदेश करतात, त्यातल्या दोघांचा ऐकण्यासारखा असतो. उपासना झाली की बाक भिंतीला लावायचे, खुर्च्या गोल मांडायच्या आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा, जीव कसा आहे? यालाच आम्ही वर्ग म्हणतो. तब्येत नव्हे, जीव. तब्येतीचं कोणी सुरू केलं की मी तिथेच थांबवते. कर्नलला तर दर रविवारी थांबवते. तो खरा कर्नल नव्हे, शाळेतला निवृत्त शिपाई. पाठ अजून काठीसारखी सरळ आहे म्हणून कर्नल. पण त्याचे गुडघे त्याच्या जिवाच्या फार जवळ राहतात, त्याला मी काय करू?

विचारायचं काम माझं. एकवीस वर्षं झाली. समोरच्याचं ऐकायचं आणि पुढच्या रविवारी विसरू नये म्हणून वहीत त्याच्या नावापुढे दोन-चार शब्द लिहायचे. ‘बरा.’ ‘भावाशी अबोला, अजून.’ ‘प्रार्थनेत मन लागत नाही म्हणते.’ माझं अक्षर चांगलं आहे. उसवलेलं शिवणं, लांब झालेलं आखूड करणं हा माझा धंदा, त्यामुळे तिरकी रेघ मला खपत नाही.

आमचे हे गेले त्याला तेव्हा चौदा महिने झाले होते. गाण्याचा सूर हेच धरायचे. आमच्याकडे वाद्य नाही, ह्यांचा गळा होता. ते गेल्यापासून मी उपासनेत नुसते ओठ हलवत होते. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण फुलवाल्या जुळ्या बहिणी इतक्या मोठ्याने गातात की खाली टायर बदलायला आलेला माणूसही वर बघतो. प्रार्थना करायची पाळी आली की शब्द बरोबर यायचे, एकवीस वर्षांची सवय आहे, पण आत काही हलायचं नाही. सगळं रिकामं. आणि आपण आतून रिकामे असताना दुसऱ्याला जीव कसा आहे विचारत बसायचं, ही शुद्ध लबाडी झाली. गिऱ्हाइकाला मी कच्च्या दोऱ्याची शिवण पक्की म्हणून कधी दिली नाही. तेव्हा ठरवलं, रविवारी वर्ग संपला की वही टेबलावर ठेवायची, जिना उतरायचा आणि पुढच्या रविवारी यायचं नाही.

त्यात ते जाळ्याचं प्रकरण निघालं. पाववाला त्याला नेटवर्क म्हणतो. आमच्यातला हा बेकरीवाला, उपदेश करणाऱ्या चौघांपैकी एक, आणि त्या ऐकण्यासारख्या दोघांतला नव्हे. कुठून तरी त्याला पत्र आलं, की आमच्यासारख्या स्वतंत्र वेस्लियन मंडळ्यांनी मिळून एक जाळं केलं आहे, तुम्ही येता का? आमचा एक माणूस येऊन भेटेल, मग तुम्ही मत घ्या. सगळे हुरळले. मी नाही. नऊ वर्षांपूर्वी आम्ही मोठ्या संस्थेतून बाहेर पडलो, कारण त्यांना लहान मंडळ्या एकमेकींत मिसळून टाकायच्या होत्या. एवढं भांडून सुटलो ते काय पुन्हा कोणाच्या दावणीला बांधून घ्यायला? जाता जाता तेवढं एक ‘नाही’ मत टाकून जायचं, असंही माझ्या मनात होतं.

शनिवारी सकाळी दुकान उघडून मशीनला तेल घालत होते, तर दारात एक गृहस्थ. साठी ओलांडलेले, रुंद खांद्यांचे, अंगात कोट आणि कोटाखालून अस्तर लोंबतंय.

“जरा टाके घालून मिळतील का?” ते म्हणाले. “उद्या चार लोकांत जायचंय.”

“कुठे?”

“टायरच्या दुकानावर.”

म्हणजे हेच ते. मी चष्म्यावरून नीट बघून घेतलं.

“काढा कोट,” मी म्हटलं. “आणि बसा. वरच्या वहीचं काम माझ्याकडे असतं. कोट माझ्या हातात असेपर्यंत तुम्हाला कुठे जाता येणार नाही, तेव्हा काय ते खरं खरं सांगा.”

ते हसले आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. एकतीस वर्षं बस चालवली म्हणाले, आता निवृत्त.

“तुमच्या जाळ्याचा मुख्य कोण?”

“मुख्य असा नाही. एक बाई पत्रं लिहितात, त्या दातांच्या दवाखान्यात असतात.”

“आमची खोली कोणाच्या नावावर होणार?”

“आहे त्यांच्याच राहणार.”

“आणि उपदेश कोणी करायचा?”

“ते तुम्ही ठरवायचं. आम्ही कोण सांगणारे?”

“मग तुम्ही करता काय?”

“जातो-येतो,” ड्रायव्हर म्हणाले. “दर तीन महिन्यांनी एका मंडळीतला माणूस दुसऱ्या मंडळीत जातो. वही बघतो, वर्गात बसतो, परत येतो.”

“नुसतं जाण्यायेण्यासाठी एवढा खटाटोप?”

“बाई, एकतीस वर्षं मी तेच केलंय. जाण्यायेण्याला नुसतं म्हणू नका.”

मी दोरा ओवला. कोटाच्या आतल्या खिशात कागद आहे, तो वाचा, असं त्यांनी सांगितलं. मला वाटलं कलमं असतील, पोटकलमं असतील, खाली सहीसाठी टिंबं असतील. निघालं अर्धं पान. आपण देवाला शोधायला निघण्याआधीच त्याची कृपा आपल्याला शोधायला निघालेली असते. ती सगळ्यांसाठी आहे, कोणाला वगळून नाही. आपल्याला क्षमा झाली हे माणसाला मनातून कळू शकतं. ती कृपा क्षमा करून थांबत नाही, याच आयुष्यात माणसाचं मन प्रीतीने भरू शकतं. आणि शेवटी लिहिलं होतं की हे काम एकट्याने होत नाही, म्हणून आम्ही एकमेकांची विचारपूस करत राहू, आणि दाराबाहेर जो भुकेला, आजारी किंवा एकटा असेल त्याच्याकडे जात राहू.

“यात नवीन काय आहे?” मी म्हटलं. “हे आम्ही लहानपणापासून म्हणत आलोय.”

“नवीन काहीच नाही. नवीन असतं तर मी आलोच नसतो.”

माणूस सरळ होता, तेवढं मला मान्य करावं लागलं. पण मनात मी अडकून पडले होते ते त्या ‘कळू शकतं’पाशी. चौदा महिने मला कशाचंच काही कळलं नव्हतं.

“आणि एखाद्याला नाही कळलं तर?” मी विचारलं. अगदी सहज, अस्तराच्या टाक्यांवरची नजर न काढता.

ड्रायव्हर स्टुलावर जरा पुढे सरकले. मग म्हणाले, “तर तोवर बाकीच्यांनी त्याच्यासाठी विश्वास धरून ठेवायचा. माझा मुलगा गेला तेव्हा माझ्यासाठी लोकांनी दोन वर्षं तो धरला होता. मी देवळात यायचो आणि खिडकीबाहेर बघत बसायचो.”

पुढे त्यांनी मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी फाडकन काहीतरी बोलले असते. नाही विचारलं, त्याचाही मला रागच आला. कोट हातात देऊन मी त्यांना वाटेला लावलं आणि दिवसभर गिऱ्हाइकांवर करवादत राहिले.

रविवारी खोली भरली, म्हणजे आमची जेवढी भरायची तेवढी. उपासना झाली. जुळ्या गायल्या, मी ओठ हलवले. बाक भिंतीला गेले, खुर्च्या गोल झाल्या, चहाचं पातेलं कडेच्या शेगडीवर चढलं. ड्रायव्हरनी वही मागितली. मी जरा तोऱ्यातच दिली. जायचंच होतं, पण काम नीट करून चालले होते. त्यांनी पानं उलटली, मग मान वर करून खोलीभर नजर फिरवली आणि बोटं हलवली. बसमधली डोकी मोजायची सवय अजून गेली नाही बिचाऱ्याची, असं मला वाटलं. त्यांनी वही मला परत दिली आणि वर्ग सुरू झाला.

“कर्नल, जीव कसा आहे?”

“काल जिना चढताना उजवा गुडघा...”

“जीव.”

“जीव बरा आहे,” कर्नल म्हणाला. “गुडघ्यांसकट.”

पाववाल्याने सांगितलं की भट्टीवरच्या पोरांवर फार ओरडतो आहे, आणि ओरडल्यावर बरं वाटतं त्याची भीती वाटते. सिस्टर, म्हणजे आमच्यातली नर्स, म्हणाली की वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याजवळ ती ड्युटी संपल्यावरही बसते, आणि गेल्या आठवड्यात तिथे बसल्या बसल्या तिला फार शांत वाटलं, का ते माहीत नाही. जुळ्यांनी एकमेकींची तक्रार केली. असे अकरा जण झाले. मी सगळ्यांचं लिहिलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच सुबक, कारण शेवटचं होतं. टोपण लावलं आणि वही मिटली. “झालं. आता ते मताचं काय ते उरकून घ्या,” मी म्हटलं.

“एक विचारू का?” ड्रायव्हर म्हणाले. “वहीत अकरा नावं आहेत. खोलीत मला सोडून बारा माणसं आहेत.”

कोणाला काही उमगलं नाही. पाववाल्याने मोजायला घेतलं, मध्येच चुकला, परत घेतलं. जुळ्यांपैकी एक दुसरीला म्हणाली, तुझं नाव आहे ना गं? मग कर्नलने हात वर केला आणि बोट माझ्याकडे केलं.

“ताई,” तो म्हणाला. “ताईचं नाव नाही.”

“ताईंचं वेगळ्या पानावर असेल की,” सिस्टर म्हणाली. “प्रमुखाचं वेगळं असतं.”

वेगळं पान नव्हतं. मला माहीत होतं, कारण नऊ वर्षांपूर्वी ही वही मीच आखली होती, पट्टी धरून, बाकीच्या प्रत्येकाची एक ओळ. मोठ्या संस्थेत असताना मंडळ्यांमधून फिरणारे पाळक दर तीन महिन्यांनी यायचे आणि वर्गप्रमुखाला जीव कसा आहे ते विचारायचे. प्रमुखाचं नाव त्यांच्या वहीत असायचं. आम्ही बाहेर पडलो आणि ती वही तिकडेच राहिली. आम्ही खुर्च्या आणल्या, गीतांची पुस्तकं आणली, चहाचं पातेलंसुद्धा भांडून आणलं. एवढी एक ओळ आणायची राहिली.

आणि नऊ वर्षं माझ्या ते लक्षात का आलं नाही, हेही मला तिथेच, त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. आमचे हे विचारायचे. रविवारी घरी गेल्यावर, मी भांडी घासायची, हे विसळायचे, आणि विसळता विसळता म्हणायचे, “काय मग, सगळ्यांचं झालं. तुझा जीव कसा आहे?” मी कधी धड उत्तर द्यायची, कधी म्हणायची, आधी तो पेला नीट विसळा. मला ती नवरा-बायकोची नेहमीची बडबड वाटायची. ती माझी ओळ होती. चौदा महिने मला कोणी हा प्रश्न विचारला नव्हता.

“मला वाटलं जुळ्या विचारत असतील, त्या तुमच्या गल्लीत राहतात ना,” सिस्टर म्हणाली.

“आम्हाला वाटलं सिस्टर विचारते,” जुळ्या म्हणाल्या.

पाववाला ड्रायव्हरकडे वळला. “मग विचारा ना तुम्ही.”

“मी पाहुणा,” ड्रायव्हर म्हणाले. “मी विचारेन आणि उद्या निघून जाईन. तुमच्यातल्या कोणीतरी विचारायला हवं.”

 मग कर्नल उठला. गुडघ्यांवर हात टेकून, कण्हत कण्हत उठला, खुर्ची फरफटत माझ्यासमोर आणली आणि बसला. इतक्या जवळून त्याचा चेहरा मी कधी बघितला नव्हता.

“ताई,” तो म्हणाला, “जीव कसा आहे? गुडघ्यांचं सांगू नको.”

मला हसू आलं. खरंच आलं. आणि हसता हसता जे फुटलं ते थांबेचना. मी सगळं सांगून टाकलं. गात नाही ते सांगितलं. प्रार्थना म्हणजे पाठ केलेले शब्द आहेत ते सांगितलं. आज वही ठेवून जाणार होते, परत येणार नव्हते, तेही सांगितलं. चौसष्ट वर्षांची बाई मी, लहान पोरीसारखं नाक पुसत होते, आणि पुसायला माझ्याच पिशवीतला चिंध्यांचा गठ्ठा होता.

एकानेही सल्ला दिला नाही. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, सल्ला दिल्याशिवाय त्यांना पाणी गोड लागत नाही. पण त्या दिवशी कोणी दिला नाही. सिस्टरने माझ्या हातात चहा दिला, तो संपल्यावर परत भरला. जुळ्या माझ्या दोन बाजूंना येऊन बसल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा एकदम गप्प राहिल्या. पाववाल्याने माझ्या मांडीवरून वही उचलली, गीतांच्या पुस्तकाची कड धरून अकराव्या नावाखाली एक रेघ मारली.

“पट्टी घे,” मी रडत रडत म्हटलं. “तिरकी जातेय.”

“जाऊ दे,” तो म्हणाला आणि लिहायला लागला.

मत त्यानंतर झालं. माझा हात आधी वर गेला, त्याचं मला स्वतःलाच नवल वाटलं. कागदावर काय लिहिलंय त्यासाठी नव्हे, ते मला पाठ होतंच. कोणीतरी लांबून आलं, कोणावर हुकूम गाजवला नाही, काही मागितलं नाही, फक्त खोलीतली माणसं मोजली, त्यासाठी. निघताना ड्रायव्हरनी कोटाचं अस्तर दाखवून विचारलं, टिकेल ना हो हे? मी म्हटलं, तुमच्यापेक्षा जास्त टिकेल. आभार मानायचे होते खरं तर. तोंडातून हे आलं. ते समजले असावेत, कारण जिना उतरताना ते हसत होते.

वही मी सोडलीच. आता ती पाववाल्याकडे असते आणि त्याचं अक्षर बघवत नाही. पुढच्या रविवारी त्याने मला मागचं पान दाखवलं. बाराव्या ओळीत लिहिलं होतं, ‘ताई. रिकामी आहे म्हणते. जाणार होती. गेली नाही. दोनदा चहा.’

माझं मन लगेच भरलं वगैरे नाही. खोटं कशाला सांगू? पण दर रविवारी कोणीतरी विचारतं आणि मी आहे ते सांगते, आणि तेवढ्यानेही माणूस तगतो. पाचव्या की सहाव्या रविवारी दुसरं कडवं चालू असताना शेजारची जुळी एकदम माझ्याकडे बघायला लागली. तेव्हा मला कळलं की मी गातेय. सूर ह्यांच्यासारखा नव्हता, पण ह्यांच्याकडूनच घेतलेला होता. देवा, तुझे उपकार कसे फेडू, असं मी त्या कडव्यातच म्हटलं, आणि ते शब्द पाठ केलेले नव्हते.

यंदा पाहुणी म्हणून जायची पाळी माझ्यावर आली. दोन बस बदलून गेले. एका दवाखान्यामागची खोली, पत्र्याच्या खुर्च्या, ताजा रंग दिलेल्या भिंती. वर्गप्रमुख एक नळ दुरुस्त करणारा, तिशी-पस्तिशीतला, उंच, सारखा हसणारा. कोणाला खुर्ची दे, कोणाचं बाळ धर, कोणाची छत्री शोध, एक मिनिट पाय ठरत नव्हता. त्याने आपणहून वही आणून दिली. स्वच्छ, नेटकी, जवळजवळ माझ्यासारखीच. नऊ नावं होती. मी मान वर करून मोजलं, मग बाळ सोडून पुन्हा मोजलं. मला सोडून दहा.

माझ्या शेजारी एक म्हाताऱ्या बाई बशीत चहा ओतून पीत होत्या. मी त्यांच्याकडे सरकले आणि हळूच विचारलं, “ह्याला कोण विचारतं हो?”

त्या काहीतरी सांगायला गेल्या आणि थांबल्या. बशी खाली ठेवली. मग उठून त्याच्याकडे गेल्या आणि दंडाला धरून त्याला खुर्चीत बसवलं.